सगळ्यांना सारखंच अंतर

‘सगळ्यांना सारखंच आहे ना, मग तक्रार कसली?’ आपल्याकडे या वाक्यावर वाद संपतो. पेपर अवघड निघाला? सगळ्यांनाच अवघड होता. भर उन्हात पळवलं? सगळ्यांनाच पळवलं. समोरचा गप्प बसतो, कारण वाक्यात खोट सापडत नाही. पण गप्प बसणं म्हणजे पटणं नव्हे. हे वाक्य मला बरीच वर्षं खुपतंय. ते नेमकं कुठे खुपतं हे कळायला मात्र अशा एका खेळाची मदत झाली, ज्याचं नाव धाराशिवच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर काढलं तर लोक आधी हसतील. गोल्फ.

गोल्फची काठी मी कधी हातात धरलेली नाही. पाहिलं ते सगळं मोबाईलवर, तेही बरंचसं रात्री उशिरा, आवाज बंद ठेवून. हा लेख गोल्फच्या हिरवळीवर संपणार नाही, पोलीस भरतीच्या ग्राउंडवर, गोळाफेकीच्या वर्तुळापाशी येणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तरी सुरुवात गोल्फपासून, कारण तिथे पोटाचा प्रश्न आड येत नाही. बहुतेकांसाठी तो फावल्या वेळचा खेळ. हरला तर माणूस घरी जाऊन जेवतो. विहिरीवरची मोटर वर काढून, खोलून ठेवली की बिघाड जसा दिसतो, तसा न्यायाचा प्रश्न इथे सुटा करून बघता येतो.

खेळ थोडक्यात असा. एका मैदानात १८ होल. प्रत्येक होलची सुरुवात ‘टी’ नावाच्या जागेवरून, शेवट ‘ग्रीन’वर, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवर. तिथे १०८ मिलिमीटर व्यासाचं, चहाच्या बशीहून लहान भोक असतं. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्यात घालायचा. उत्तम खेळाडूला किती फटके लागावेत याचा प्रत्येक होलला एक ठरीव आकडा असतो, तो ‘पार’. पार-चार आणि पार-पाच ही लांबची होल. तिथे चेंडू टप्प्याटप्प्याने पुढे न्यायचा. पार-तीन सगळ्यांत छोटं. टीवरून एकच फटका, चेंडू थेट ग्रीनवर. मग हलक्या हाताने दोन. झाले तीन.

आता हे ‘छोटं’ होलच लांबवलं तर? अमेरिकेत पिट्सबर्गजवळ ओकमाँट नावाचं जुनं, खडूस मैदान आहे. २००७ च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या दिवशी तिथलं आठवं होल ३०० यार्डांवर ठेवलं होतं. पार तीनच. ३०० यार्ड म्हणजे २७४ मीटर. ४०० मीटरच्या ट्रॅकचा दोन तृतीयांश फेरा सरळ रेषेत पसरल्यासारखा. त्या टोकाला एका फटक्यात चेंडू नुसता पोचवायचा नाही, थांबवायचाही. आखूड अंतरावर लोखंडी काठीने मारलेला चेंडू उंच जातो आणि अलगद बसतो. लांब अंतरासाठी मारलेला चेंडू पडल्यावर पळत सुटतो. म्हणजे अंतर वाढलं की ताकद जास्त लागते, आणि वर अचूकपणा दाखवायची जागाही कमी होते.

अशा होलवर कुरकुर होतेच. एक बाजू म्हणते, पार-तीन ही नजाकतीची परीक्षा. तिथे सगळ्यांत मोठी काठी काढायला लावणं म्हणजे सतारीच्या स्पर्धेत ढोल वाजवायला सांगणं. दुसरी बाजू म्हणते, लांबून अचूक मारणं हीसुद्धा कलाच आहे, आणि ती येत नसेल तर रडू नका. शिवाय टी एकच, अंतर एकच. सगळ्यांना सारखंच.

या दुसऱ्या बाजूकडे एक फार चांगला मुद्दा आहे. तो समजायला ‘पार’ हा आकडा कुठून आला हे बघावं लागतं. १८७० मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला ओपन स्पर्धा होती. ए. एच. डोलमन नावाच्या गोल्फ-लेखकाने डेव्हिड स्ट्रॅथ आणि जेम्स अँडरसन या दोन खेळाडूंना विचारलं, की इथे जिंकायला किती फटके लागतील? ते म्हणाले, १२ होल निर्दोष खेळली तर ४९. डोलमनने त्याला ‘पार’ म्हटलं. हा शेअर बाजारातला शब्द. शेअरची ठरीव किंमत आणि प्रत्यक्ष भाव यांत फरक पडतो, तसाच इथे. यंग टॉम मॉरिसने ती स्पर्धा तीन फेऱ्यांत १४९ फटक्यांत जिंकली. पारच्या हिशेबाने दोन जास्त. थोडक्यात, पार हा दोन जाणकारांचा अंदाज होता. पुढे अंदाजाचा नियम झाला. १९११ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने २२५ यार्डांपर्यंतचं होल पार-तीन धरलं. आजच्या मार्गदर्शक तक्त्यात पुरुषांसाठी ही हद्द २६० यार्ड आहे, स्त्रियांसाठी २२०.

म्हणून लांब होलचे समर्थक म्हणतात, तो आकडा पुसून टाका ना. ओकमाँटच्या आठव्या होलच्या पाटीवर तीनऐवजी चार लिहा. एकाही खेळाडूचा एकही फटका बदलणार नाही, आणि तक्रार मात्र निम्म्याने कमी होईल. जो सगळ्यांत कमी फटक्यांत १८ होल संपवेल तोच जिंकणार. चार फटके घेतल्याचं दुःख नाही, पाटीवर तीन लिहिलंय याचं दुःख आहे.

हे मला बरंचसं पटतं. आपल्या आयुष्यातलं कितीतरी ‘अन्याय झाला’ हे असं पाटीवरच्या आकड्याचं दुःख असतं. पंचविशीत नोकरी, सत्ताविसाव्या वर्षी लग्न, तिशीत घर. हे पार कोणी ठरवले? कुठल्या तरी डोलमनने कुठल्या तरी दोन जाणत्या माणसांना विचारलं असणार. आकडा पुसला की दुःख उतरतं, हे खरं आहे.

पण सगळं उतरत नाही. आकडा पुसल्यावरही काहीतरी उरतं.

७ ऑगस्ट २०२१ हा दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या संध्याकाळी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि सोनं आणलं. त्याच दिवशी पहाटे मात्र अर्ध्या देशाला गोल्फ नावाचा खेळ असतो हे कळलं होतं. बंगळूरची अदिती अशोक, जागतिक क्रमवारीत २०० वी, ऑलिम्पिक पदकाच्या उंबरठ्यावर होती. लोक पहाटे उठून ‘बर्डी म्हणजे काय रे?’ असं एकमेकांना विचारत होते. ती चौथी आली. पारपेक्षा १५ कमी. ब्राँझपदक १६ ला गेलं. एका फटक्याने हुकलं.

अदिती त्या स्पर्धेतल्या सगळ्यांत कमी लांब मारणाऱ्या खेळाडूंपैकी एक होती. बाकीच्या जिथून छोटी लोखंडी काठी काढायच्या, तिथून तिला मोठी काठी काढावी लागायची. तरीही ती टिकली, कारण ग्रीनजवळ आणि ग्रीनवर तिचा हात विलक्षण होता. पार-चार, पार-पाचवर तिच्यासारखीला काही करता येतं. पहिला फटका आखूड पडला तर दुसऱ्याला कोन निवडता येतो, बगल देता येते, चेंडू हव्या त्या बाजूला ठेवता येतो. बुद्धीला जागा असते. पार-तीनवर सुरुवात कुठून करायची हे मैदान आखणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि फटका एकच. ते अंतर तुमच्या आवाक्याबाहेरचं असेल, तर तुमची नजर, तुमचा संयम, तुमचा पटिंगचा हात यांतलं काहीही तो पहिला फटका ग्रीनवर नेऊ शकत नाही.

गंमत बघा, सगळ्या मैदानात सुरुवात सगळ्यांत समान कुठे असते? पार-तीनवर. तीच जागा, तोच टेकू, तोच फटका. आणि तेच होल लांबवलं की संधी सगळ्यांत असमान तिथेच होते.

नीरजच्या भाल्याबाबत मात्र कुणी म्हणत नाही की अंतर अन्यायाचं आहे. का? कारण तिथे अंतर हाच प्रश्न आहे. भालाफेक विचारते, ‘किती लांब?’ आणि नीरज उत्तर देतो. पार-तीन विचारतं, ‘किती अचूक?’ पण होल फार लांबलं, की त्या प्रश्नापर्यंत पोचायच्या आधी एक टोलनाका लागतो. ज्याच्याकडे ताकद आहे तो टोल भरून पुढे जातो आणि मग त्याची परीक्षा सुरू होते. ज्याच्याकडे नाही, त्याला नाक्यावरूनच परत पाठवतात. निकालपत्रावर मात्र दोघांच्या नावापुढे एकाच परीक्षेचे गुण असतात. ‘सगळ्यांना सारखंच’ हे वाक्य मला इथे खुपतं. अंतर सारखं होतं. प्रश्न सारखा नव्हता.

यावर ‘मग लांब होल काढूनच टाका’ असं उत्तर द्यायचा मोह होतो. तो मोह कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटच्या सोळाव्या होलने माझ्यापुरता घालवला. समुद्राच्या खडकाळ कडेवर टी, मध्ये पॅसिफिक महासागराचं पाणी, पलीकडच्या सुळक्यावर ग्रीन. सुमारे २३० यार्ड. हे मैदान १९२८ मध्ये सुरू झालं. आखणी अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीची. पण मॅकेन्झीच्या आधी हे काम सेथ रेनर यांच्याकडे होतं, आणि त्यांचं म्हणणं होतं की इथे पार-तीन जमणार नाही, पाण्यावरून तेवढा फटका जाणार नाही. अशी गोष्ट सांगतात की तो प्रकल्प उभा करणाऱ्या मॅरियन हॉलिन्स, १९२१ च्या अमेरिकन महिला हौशी विजेत्या, यांनी चेंडू ठेवला आणि मारला. तो पलीकडे जाऊन पडला. जिथे पडला, तिथे ग्रीन करायचं ठरलं.

ही गोष्ट मला दोन कारणांसाठी आवडते. पहिलं म्हणजे, ‘हे त्यांना जमणार नाही’ असं ठरवून सोपं करणं हाही एक अपमान असतो. अवघड काढून टाकणाऱ्याने आधी अवघड कोणासाठी, हे विचारलेलं नसतं. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: त्या होलला डावीकडे जमीन आहे. ज्याला पाण्यावरून मारायचं नाही, त्याने डावीकडे आखूड मारावं, तिथून दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर यावं. बहुधा चार होतील. पण जवळून मारलेला फटका भोकाशेजारी बसला तर त्यालाही तीन करता येतात. बलवानाला धोका पत्करून बक्षीस, कमी ताकदीच्या माणसाला वळसा घालून आशा. वळसा महाग आहे, पण बंद नाही. ओकमाँटचं ३०० यार्डांचं होल आणि सायप्रसचं सोळावं यांत अवघड कोणतं यावर वाद होईल. मला विचाराल तर सायप्रसचं होल न्याय्य आहे, आणि त्याचं कारण अंतर नाही, ती डावीकडची जमीन आहे.

गोल्फवाल्यांनी आणखी एक युक्ती काढली आहे, हँडिकॅप. कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे आणि सूट जास्तीत जास्त ५४ पर्यंत जाऊ शकते. हे वाचलं तेव्हा मला आपला ‘कच्चा लिंबू’ आठवला. लपाछपीत, पकडापकडीत धाकट्या भावाला आपण खेळायला घ्यायचो. तो पकडला गेला तरी बाद नाही. फरक एवढाच, की कच्चा लिंबू खेळात असतो पण मोजणीत नसतो. तो जिंकूही शकत नाही. आणि हे त्याला पाचव्या-सहाव्या वर्षीच कळतं, म्हणून तो रडत म्हणतो, ‘मला कच्चा लिंबू नको.’ हँडिकॅपवाला मोजणीत असतो. सूट घेऊन तो खरोखर जिंकू शकतो. सवलत देताना माणसाला मोजणीत ठेवायचं की बाहेर, हा फरक आपण फार क्वचित करतो. आरक्षणावरच्या आपल्या निम्म्या भांडणांत एक बाजू कच्च्या लिंबाबद्दल बोलत असते आणि दुसरी हँडिकॅपबद्दल. असो, तो वेगळा लेख आहे.

आता ग्राउंडवर येऊ.

सोलापूर–धुळे महामार्ग धाराशिवला वळसा घालून जातो. पहाटे साडेचार-पाचला त्या रस्त्याच्या कडेने गेलात तर पोरं-पोरी पळताना दिसतील. भूम, वाशी, परंडा, कळंबकडून शहरात खोली करून राहिलेली. भरती करणारी पोरं. त्यांच्या भाषेत शारीरिक चाचणी म्हणजे ‘ग्राउंड’, लेखी म्हणजे ‘पेपर’. ग्राउंड ५० गुणांचं. पुरुषांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर पूर्ण २०. गोळा ८.५० मीटर गेला तर पूर्ण १५. त्याखाली पायऱ्या. पेपर १०० गुणांचा. ग्राउंडला निम्मे गुण पडायलाच हवेत, आणि पेपरला बसायला मिळतं ते एका जागेमागे दहा जणांना.

गोळा ७.२६ किलोचा. म्हणजे १६ पौंड. ऑलिम्पिकमध्ये पुरुष फेकतात तोच. हे वजन पोलिसाच्या कामातून आलेलं नाही. मैदानी खेळांच्या नियमपुस्तकातून आलं आहे. मुलींना ४ किलो, आणि पूर्ण गुणांची रेघ ६ मीटरवर. म्हणजे अंतर आणि वजन शरीरावर अवलंबून असतं हे भरतीलाही मान्य आहे. गोल्फच्या २६० आणि २२० यार्डांसारखंच. फक्त ते बाई आणि पुरुष एवढ्याच एका सांध्यावर मान्य आहे.

माझा एक मावसभाऊ तीन वर्षं भरती करतोय. उंची १६६ सेंटिमीटर, म्हणजे किमान अटीहून एकच सेंटिमीटर वर. वजन ५४. सोळाशेला तो वाऱ्यासारखा. गोळा मात्र सातच्या आसपास घुटमळतो. अकॅडमीतल्या सरांनी त्याला पाय, कंबर, खांदा हा क्रम शिकवलाय. गोळा हाताने टाकायचा नसतो, जमिनीतून वर आणायचा असतो, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजतं. त्यातून दोन वर्षांत अर्धा-पाऊण मीटर वाढला. पण गोळा हा शेवटी वस्तुमानाचा हिशेब आहे. ५४ किलोच्या पोराने ७.२६ किलो ढकलणं आणि ८० किलोच्या पोराने ढकलणं ही एकच कृती नाही. आणि ५४ किलो हे नुसतं त्याचं नशीब नाही. कोरडवाहू जमीन, ऊसतोडीला जाणारे आईबाप, वसतिगृहाचं जेवण, वाढीच्या वयात दूध-अंडी किती मिळाली, हे सगळं त्या ५४ मध्ये आहे. धाराशिव २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित, म्हणजे सरळ भाषेत मागास जिल्ह्यांच्या यादीत आला. ती यादी गोळाफेकीच्या वर्तुळापर्यंत अशी चालत येते.

याच जिल्ह्याने खो-खोत देश गाजवला, हे इथे आठवतंच. सारिका काळे धाराशिवची. तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला चपळ, हलकं शरीर लागतं, फेकायला काही नसतं. जे शरीर एका वर्तुळात कमी पडतं तेच दुसऱ्या चौकटीत राज्य करतं. शरीर वाईट नसतं. कुठला प्रश्न विचारला आहे, यावर सगळं आहे.

तर मग गोळा अन्यायाचा आहे का? माझं उत्तर पटकन ‘हो’ येत नाही. एक तर पोलिसाला ताकद लागतेच. अपघातातल्या माणसाला उचलायला, जमाव रेटायला, झोंबणाऱ्याला धरायला. दुसरं, आणि हे आमच्याकडच्या पोरांना चांगलं कळतं, फीत खोटं बोलत नाही. फक्कीच्या रेघेपलीकडे गोळा पडला, खूण झाली, मोजलं, लिहिलं. ‘व्यक्तिमत्त्व’ बघायला बसलेल्या साहेबापेक्षा ती फीत कितीतरी बरी. ज्याचा कुणी मामा मुंबईत नाही, त्याच्यासाठी मोजता येणारी परीक्षा हीच मोठी सुरक्षितता आहे. अवघड का असेना, उघडी आहे. भरतीतून मोजपट्टी काढा असं म्हणणाऱ्याने आधी ती गेल्यावर तिथे काय येतं ते बघावं.

पण फीत प्रामाणिक आहे म्हणून रेघ बरोबर ठरत नाही. फीत ७.८० सांगते; ८.५० ला पूर्ण गुण, हे फीत सांगत नाही. ते कुणीतरी ठरवलं, डोलमनच्या दोन जाणकारांसारखं. आणि ठरवलेलं बदलतंही. पूर्वी या भरतीत ५ किलोमीटर पळावं लागायचं. जून २०१४ मध्ये मुंबईत ती धाव धावताना उमेदवार दगावले. मग अंतर ३ किलोमीटरवर आलं. आता १६०० मीटर आहे. त्या ५ किलोमीटरबद्दलही कुणीतरी नक्की म्हणालं असेल, सगळ्यांना सारखंच आहे.

मला सायप्रसची डावी बाजू इथे शोधावीशी वाटते. ती आहे, नाही असं नाही. गोळ्यात गेलेले गुण सोळाशेत भरून निघतात, पेपरमध्ये निघतात. १५० पैकी १५. कागदावर वळशाची वाट चांगली रुंद आहे. पण २०२४ मध्ये राज्यात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे सुमारे शंभर. त्यांतले दहाच पेपरला बसणार म्हटल्यावर ग्राउंडचा कटऑफ चढत जातो, आणि जसजसा चढतो तसतशी डावीकडची जमीन समुद्रात जाते. गोळ्यात गेलेले चार-पाच गुण भरून काढायला पेपर असतो, पण पेपरपर्यंत पोचूच दिलं जात नाही. गोळा तोच, रेघ तीच, फीत तीच. गर्दी वाढली आणि त्याच होलचं वळणाचं होतं ते सरळ झालं.

इथे गोल्फहून एक गोष्ट वेगळी आहे. ओकमाँटला होल लांबवतात ते चांगल्यातला चांगला निवडायला. शंभरातून एक निवडायचा असतो तिथे अवघडपणाचं काम बदलतं. तो मोजायला उरत नाही, गर्दी पातळ करायला वापरला जातो. आणि गर्दी पातळ करायला कुठलंही अंतर चालतं. त्या अंतराचा कामाशी संबंध असायची गरज नसते, फक्त बरेच जण अडकले पाहिजेत. शिवाय २०२४ चं ग्राउंड १९ जूनला, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झालं. कुणाच्या दिवशी कोरडी माती, कुणाच्या दिवशी चिखल, ओला गोळा. गोल्फमध्येही सकाळच्या गटाला वारा नसतो आणि दुपारच्या गटाला तोंडावर येतो. पण तिथे चार दिवस खेळतात, वारा थोडाफार फिरून सगळ्यांच्या वाट्याला येतो. इथे एकच दिवस.

मावसभावाला मी एकदा हे सगळं सांगितलं. गोल्फ, टोलनाका, डावी बाजू. वजनगटाप्रमाणे गोळा ठेवावा, कुस्तीत असतात तसे गट करावेत, निदान पायऱ्यांऐवजी सेंटिमीटरप्रमाणे गुण द्यावेत, असंही म्हणालो. अमेरिकेत २०११ मध्ये मोहीम निघाली होती की हौशी खेळाडूंनी आपल्या ताकदीप्रमाणे पुढच्या टीवरून खेळावं. ती गोष्टही सांगितली. त्याने शांतपणे ऐकलं. सेंटिमीटरचं त्याला पटलं. ‘सात नव्वदच्या आत दोन सेंटिमीटर राहिले की पोरगं वर्षभर झोपत नाही,’ म्हणाला. हलक्या गोळ्याचं मात्र त्याला अजिबात पटलं नाही.

‘मग उद्या चौकीत म्हणतील, हा छोट्या गोळ्याचा पोलीस. नको दादा. गोळा राहू दे. जागा वाढवायला सांग.’

मी म्हणालो, जागा दुप्पट झाल्या तरी पन्नासात एक. तुझे ५४ किलो तिथेच राहणार. तो म्हणाला, पन्नासात एक असेल तर माझं सोळाशे मला पेपरपर्यंत नेतं, पुढचं मी बघतो. हिशेब त्याचा बरोबर होता. पण पुढच्या वर्षी ४८ किलोचा कुणीतरी येईल आणि त्याचा हिशेब जमणार नाही, असं मला अजून वाटतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही. गोळा त्याने तिघा मित्रांत वर्गणी काढून घेतलाय. शनिवार-रविवार तो आमच्याकडे दाराआड असतो, आणि झाडताना आई दर वेळी विचारते की हे धोंडं अजून किती दिवस ठेवायचंय.